मराकेशचा अल-बदी राजवाडा: जे सोलून नेता आले आणि जे आले नाही

मराकेशच्या जुन्या बालेकिल्ल्याच्या ईशान्य कोपऱ्यात सुमारे १३५ मीटर लांब आणि ११० मीटर रुंद असे एक उघडे अंगण आहे. मधोमध लांबलचक हौद, त्याच्या दोन्ही अंगांना खोलगट बागा, चहूबाजूंनी तांबूस मातीच्या उंच भिंती आणि भिंतींच्या माथ्यावर करकोच्यांची घरटी. छत नाही. संगमरवर जवळजवळ नाही, सोन्याचा तर कणही नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोरोक्कोच्या सुलतानाने आपले सगळे वैभव ज्या वास्तूत ओतले, तो हा अल-बदी राजवाडा.

या वास्तूबद्दल बहुतेक ठिकाणी एकच वाक्य वाचायला मिळते: आधी भव्य होती, मग लुटली गेली, आता अवशेष उरले. ते चुकीचे नाही, पण त्यातून काही हाती लागत नाही. खरा प्रश्न असा की नेमके काय गेले, काय राहिले आणि ही वाटणी कशाने ठरली. आमच्या मते ती वाटणी १५७८ मध्ये, पाया घालतानाच ठरून गेली होती. भार पेलणारे अंग मातीचे होते, मोल असलेले अंग त्यावर बसवलेले होते, आणि ही दोन अंगे एकमेकांत फारशी गुंतलेली नव्हती. १७०७ च्या सुमारास जे उतरवले गेले ते दुसरे अंग. पहिले अजून उभे आहे आणि आजची सगळी दुरुस्ती त्याचीच आहे.

पैसा, साखर आणि संगमरवर

४ ऑगस्ट १५७८ रोजी उत्तर मोरोक्कोत वादी अल-मखाझिन येथे पोर्तुगालचा तरुण राजा दों सेबास्तियांव मोठे सैन्य घेऊन मोरोक्कोवर राज्य करणाऱ्या सादी घराण्याच्या सैन्याला भिडला. त्या एका दिवसात तीन राजे मेले: सेबास्तियांव स्वतः, त्याने ज्याची बाजू घेतली होती तो पदच्युत सुलतान मुहम्मद अल-मुतवक्किल, आणि आजारी अवस्थेत रणात आलेला सत्ताधारी सुलतान अब्द अल-मलिक. अब्द अल-मलिकचा धाकटा भाऊ अहमद गादीवर आला आणि त्याने ‘अल-मन्सूर’ म्हणजे विजयी हा किताब घेतला.

या लढाईचे पडसाद आपल्या किनाऱ्यावरही उमटले. १५७०-७१ मध्ये निजामशहाने चौलला आणि आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, तेव्हा लिस्बनच्या गादीवर हाच सेबास्तियांव होता. तो निपुत्रिक मेला, त्याच्यानंतर आलेला वृद्ध कार्डिनल हेन्रिक १५८० मध्ये वारला आणि पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेला. गोवा, वसई, चौल ही ठाणी १६४० पर्यंत स्पेनच्या राजाच्या छत्राखाली राहिली, त्याचे मूळ मोरोक्कोतल्या त्या एका दिवसात आहे.

अल-मन्सूरच्या हाती मात्र पोर्तुगीज सरदारांचा मोठा घोळका लागला होता. त्यांच्या सुटकेसाठी आलेली खंडणी हे अल-बदीचे पहिले भांडवल. लढाईनंतर पाच महिन्यांच्या आत, १५७८ च्या डिसेंबरात, काम सुरू झाले. पण खंडणी एकदाच मिळते आणि राजवाड्याचे मुख्य काम १५९३-९४ पर्यंत चालले. मधली वर्षे साखरेने चालवली. सूस प्रदेशात आणि मराकेशच्या पश्चिमेला चिचावाच्या आसपास उसाचे मळे आणि पाण्यावर चालणारे कारखाने होते. ही साखर इंग्लंडपर्यंत जात असे. १५८५ मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी बार्बरी कंपनी काढली, ती याच व्यापारासाठी. इटलीचा संगमरवर साखरेच्या भारोभार घेतला जाई, असे मोरोक्कन बखरकार अल-इफरानी लिहितो. वजनाचे गणित तंतोतंत तसेच असेल असे नाही, पण व्यवहाराची दिशा पटते. फ्रेंच लेखक मोंतेन्य १५८१ मध्ये तोस्काना भागातून जात होता, तेव्हा तिथले कारागीर ‘फेझच्या राजासाठी’, म्हणजे मोरोक्कोच्या सुलतानासाठी, संगमरवरी खांब घडवत असल्याची नोंद त्याने केली आहे. म्हणजे खांब खाणीच्या गावीच घडवून, तयार स्थितीत, जहाजाने येत होते. ही बारीक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

सोने शेवटी आले. १५९० मध्ये जुदार पाशाच्या हाताखाली सुमारे चार हजारांचे सैन्य सहारा ओलांडून निघाले आणि मार्च १५९१ मध्ये तोंदिबी येथे त्याने पश्चिम आफ्रिकेतल्या सोंघाई साम्राज्याचा पराभव केला. तिथून पुढे तिंबक्तूचे सोने मराकेशला येऊ लागले आणि अल-मन्सूरला ‘अल-धहबी’, सोनेरी, असे दुसरे नाव पडले. तोवर राजवाड्याची मुख्य रचना पुरी होत आली होती. त्यामुळे सोंघाईच्या सोन्यावर अल-बदी उभा राहिला हे नेहमीचे विधान काळाच्या हिशेबात बसत नाही. ते सोने शेवटच्या सजावटीच्या आणि दरबारी थाटाच्या कामी आले.

आराखडा

आराखड्याबद्दल आपण खात्रीने बोलू शकतो, कारण जमिनीवरच्या अवशेषांखेरीज दोन समकालीन पुरावे आहेत. मराकेशच्या बालेकिल्ल्याचा १५८५ चा, एका पोर्तुगीज हाताने काढलेला नकाशा माद्रिदजवळच्या एस्कोरियालमध्ये आहे. दुसरे म्हणजे १६४०-४१ मध्ये डच चित्रकार आद्रियान माथाम याने राजवाड्याचे बाहेरून काढलेले दृश्य. पहिला बांधकाम चालू असतानाचा, दुसरा ऱ्हास सुरू झाल्यानंतरचा, पण तोडफोडीच्या आधीचा.

अंगणाची लांब बाजू पूर्व-पश्चिम आहे. त्याच अक्षावर सुमारे ९० मीटर लांब आणि २१ मीटरच्या आसपास रुंद असा मुख्य हौद. पूर्व आणि पश्चिम टोकांना एकेक मोठा मंडप आणि प्रत्येक मंडपाच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान हौद. पश्चिमेचा मंडप कुब्बा अल-खमसिनिया. हे नाव पन्नास खांबांवरून किंवा पन्नास हातांच्या मापावरून पडले असे सांगतात. सुलतानाचा दरबार इथे भरे. समोर पूर्वेला कुब्बा अझ-झुजाज, काचेचा मंडप. उत्तरेच्या लांब बाजूवर हिरवा मंडप आणि दक्षिणेच्या बाजूवर कुब्बा अल-खैझुरान.

समोरासमोर दोन मंडप आणि मध्ये पाणी हा विचार ग्रनाडाच्या अल्हम्ब्रातून आलेला आहे. तिथले सिंहांचे अंगण सुमारे २८ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे साडेचारशे चौरस मीटरच्या आत. अल-बदीचे अंगण १४,८५० चौरस मीटर. तीस पटींहून मोठे! एवढे मोठे केल्यावर रचनेचा स्वभावच बदलतो. सिंहांच्या अंगणात माणूस खांबांच्या दाटीत उभा असतो आणि कारंजे हाकेच्या अंतरावर असते. अल-बदीत पूर्वेच्या मंडपात उभ्या राहिलेल्या परदेशी वकिलाला, म्हणजे राजदूताला, पश्चिमेला बसलेल्या सुलतानाचा चेहराही दिसणे शक्य नव्हते. त्याला दिसे ते पाण्यातले प्रतिबिंब, आणि सुलतानापर्यंत पोचायला हौदाकाठची सगळी लांबी चालावी लागे. हे अंतर योजून ठेवलेले आहे. परदेशी वकिलाती स्वीकारण्याचे हे स्थळ होते. रोजच्या राहण्याची व्यवस्था बालेकिल्ल्यात इतरत्रही होती.

बागेची कल्पना मात्र मराकेशचीच जुनी आहे. अल्मोरावी सुलतान अली इब्न यूसुफ याच्या बाराव्या शतकातल्या वाड्याचे अवशेष कुतुबिया मशिदीच्या आवारात सापडले आहेत आणि त्यात काटकोनात छेदणाऱ्या वाटांची छोटी बाग आहे. अल-बदीने तीच कल्पना ताणून मोठी केली.

पाणी आणि पातळ्या

अल-बदीतली सर्वांत हुशारीची गोष्ट बागांच्या पातळीत आहे. चार आयताकृती बागा वाटांच्या पातळीपेक्षा बऱ्याच खाली आहेत, इतक्या की आज तिथे लावलेल्या संत्र्यांचे शेंडे चालणाऱ्याच्या पायांच्या आसपास येतात. याचे दोन फायदे. फुलोरा आणि हिरवाई वरून पाहिल्यास गालिचासारखी दिसते, झाडे समोरच्या मंडपाचे दृश्य अडवत नाहीत. आणि हौद वर, बाग खाली असल्याने पाणी उपसावे लागत नाही. हौदाचे पाणी सोडले की ते उताराने बागेत जाते.

त्यासाठी हौदात मुळात पाणी उंचावर यायला हवे. मराकेश हौझच्या मैदानात आहे. जमीन दक्षिणेच्या उंच अ‍ॅटलासकडून शहराकडे उतरते. पाऊस वर्षाला जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर. शहराचे पाणी दोन मार्गांनी येई. एक उरिका नदीसारख्या डोंगरी ओढ्यांवरून काढलेले उघडे पाट, दुसरे खेत्तारा, म्हणजे डोंगरपायथ्याच्या भूजलाला छेद देऊन अगदी हलक्या उताराने जमिनीखालून आणलेले बोगदे, ज्यांवर ठरावीक अंतराने हवेच्या आणि सफाईच्या विहिरी असतात. मराठी वाचकाला छत्रपती संभाजीनगरच्या नहरी किंवा बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ठाऊक असेल, तर तेच हे कुळ.

हिशेब करून पाहू. मुख्य हौदाचे क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस मीटर. एक मीटर खोल पाणी भरायचे तर १९ लाख लिटर. मराकेशच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला ८ मिलिमीटर धरले, तर या एका हौदातून रोज सुमारे १५,००० लिटर पाणी नुसते उडून जाते. बागांचे, कारंज्यांचे, लहान हौदांचे वेगळे. म्हणजे एकदा भरून चालत नाही, अखंड आवक लागते. आणि खेत्तारा ही दरवर्षी माणसे उतरवून गाळ काढावा लागणारी वस्तू आहे. दोन-तीन हंगाम सफाई चुकली की एखादी विहीर ढासळते, बोगदा तुंबतो आणि खालच्या बाजूला पाणी बंद. १६०३ मध्ये अल-मन्सूर प्लेगने मेला, त्याच्या मुलांत गादीसाठी युद्ध पेटले. वर्षानुवर्षे मजुरी देऊन पाणी चालू ठेवणारी राजवट तेव्हाच संपली. राजवाड्याचा ऱ्हास तोडफोडीच्या शंभर वर्षे आधी पाण्यापासून सुरू झाला, असे आम्हाला वाटते.

कोरडा हौद हा भरलेल्या हौदापेक्षा लवकर बिघडतो. या भागात हौद आणि हम्मामांना ताडेलाक्त हा चुन्याचा गिलावा करतात. चुना बरेच दिवस भिजवून, पातळ थरात चढवून, गुळगुळीत दगडाने घोटतात आणि वर ऑलिव्ह तेलाचा काळा साबण चोळतात. साबण आणि चुना मिळून पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. ओलसर राहिला तर तो टिकतो. उन्हात पाण्याविना तापत-थंडावत राहिला की बारीक चिरा पडतात, आणि पुढे कधी पाणी सोडले तर ते चिरांतून थेट मातीच्या भरावात उतरते.

भिंत: माती, चुना आणि धुमस

अल-बदीच्या उभ्या भिंती कुटलेल्या मातीच्या आहेत. स्थानिक शब्द ताबिया. पद्धत साधी आणि कष्टाची. दोन बाजूंना फळ्यांचा साचा, तो पेलायला भिंतीच्या जाडीतून आरपार घातलेली आडवी लाकडे. माती ओलसर हवी, चिखल नको: मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि उंचावरून टाकला तर फुटावा. त्यात खडी-वाळू असावी, चिकणमाती बेताची, आणि टिकाऊ कामासाठी चुना. १० ते १५ सेंटीमीटरचा थर टाकायचा, धुमसाने ठोकायचा, आवाज बोदा येण्याऐवजी टणक येऊ लागला की पुढचा थर. साचा भरला की फळ्या सोडवून पुढे सरकवायच्या. आडवी लाकडे काढली की भोके राहतात. अल-बदीच्या भिंतींवर ओळीने दिसणारी चौकोनी भोके ती हीच. पाहुण्यांना ती बंदुकीच्या फटी वाटतात. खरे तर त्यांच्यावरून साच्याची उंची मोजता येते आणि एकेक दिवसाचे काम कुठे थांबले तेही ताडता येते. कोपरे, कमानी आणि दारांच्या चौकटी विटांच्या, कारण कुटलेल्या मातीला धार धरवत नाही आणि ताण सोसवत नाही.

दाबाला ही भिंत पुरेशी बळकट आहे. घनमीटरला दोन टन धरले तर दहा मीटर उंच भिंतीच्या तळाशी चौरस सेंटीमीटरला दोन किलो एवढा भार येतो. कोरडी, चांगली कुटलेली माती त्याच्या पाच ते दहा पट सोसते. म्हणून साडेचारशे वर्षांनंतरही भिंती उभ्या आहेत. पण तीच माती तळाशी भिजली की तिची ताकद झपाट्याने घसरते. या बांधकामाचा शत्रू वजन नव्हे, पाणी.

अल-इफरानी एक कथा देतो. वास्तुशांतीच्या मेजवानीत सुलतानाने आपल्या विदूषकाला राजवाडा कसा वाटला ते विचारले. तो म्हणाला, पाडल्यावर मातीचा ढीग मोठा होईल. बखरीतली गोष्ट म्हणून ती घ्यावी, पण बोलणाऱ्याला भिंत कशाची आहे ते नीट माहीत होते.

वरचे आवरण

या मातीवर काय चढवले होते ते अल-बदीत पाहायला मिळत नाही. त्यासाठी पाच-सात मिनिटे चालून बालेकिल्ल्याच्या मशिदीमागच्या सादी घराण्याच्या कबरींकडे जावे. तिथला बारा खांबांचा दालनभाग अल-मन्सूरच्याच काळातला, त्याच कारागिरीचा. इटलीतल्या करारा इथल्या संगमरवराचे खांब, भिंतीच्या खालच्या भागात झेलिज म्हणजे चकाकीच्या कौलांच्या तुकड्यांची नक्षी, वर कोरीव गिलावा, त्यावर मुकर्नस म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे उतरते कोनाडे आणि शेवटी देवदाराचे रंगवलेले, सोनेरी छत. अल-बदीचे मंडप याच थरांचे होते. दरबारी लेखक अल-फिश्तालीची कवने त्यांच्या भिंतींवर कोरली होती.

झेलिजची रीत समजली तर पुढचा भाग समजतो. साधारण १० सेंटीमीटर चौरस कौले भाजून, चकाकी देऊन, धारदार जड हातोड्याने (मेनकाश) ठरावीक आकारांत तोडतात. तुकड्याच्या कडा मागच्या बाजूला तिरक्या छाटतात, म्हणजे पुढून फट दिसत नाही आणि मागे चुना धरायला जागा मिळते. भिंतीसाठी तुकडे पालथे मांडून वर चुन्या-गिलाव्याचा थर ओततात आणि घट्ट झालेला तक्ता उभा करून बसवतात. एकदा बसला की तो अखंड काढता येत नाही. काढायला गेले तर तुकडे फुटतात, आणि नक्षी इतकी काटेकोर असते की चार तुकडे गेले तरी तो भाग दुसरीकडे जमत नाही.

सोन्याचाही हिशेब इथेच उरकू. ०.२ मायक्रॉन जाडीचा वर्ख धरला, तर एका ग्रॅममध्ये सुमारे पाव चौरस मीटर झाकले जाते. १०० चौरस मीटर छत मढवायला ४०० ग्रॅम. जुना वर्ख जाड असे, दुप्पट-तिप्पट धरा. तरीही सोने छताला लागले ते थोडेच. खरा खर्च मजुरी, वाहतूक आणि संगमरवराचा. सुलतानाने देशोदेशीचे कारागीर, युरोपातलेही, आणवले आणि त्यांना भरघोस दिले, असे बखरी सांगतात. तिंबक्तूचे सोने शोधायचे तर ते भिंतीवर शोधण्यापेक्षा या पगारपत्रकात शोधावे.

उतरवणी

सादी घराणे १६५९ मध्ये संपले. १६६० च्या दशकाच्या शेवटी अलाउई घराण्याने मराकेश घेतले. मौलाय इस्माईल (कारकीर्द १६७२ ते १७२७) याने राजधानी मेकनेसला नेली आणि तिथे आपले अफाट बांधकाम मांडले. त्याच्या हुकमाने अल-बदी उतरवला गेला. अल-इफरानी हिजरी १११९, म्हणजे १७०७-०८ ही नोंद देतो आणि म्हणतो की मोरोक्कोत असे शहर उरले नाही जिथे अल-बदीचा काही तुकडा पोचला नाही.

हा रागाच्या भरात केलेला विध्वंस नव्हता, पुनर्वापरासाठी केलेले काम होते. अवशेषच तसे सांगतात. खांब शाबूत हवे असतील तर आधी त्यांच्यावरचे उतरवावे लागते: छपरावरची हिरवी कौले, मग देवदाराची तुळई आणि नक्षीची फळ्यांची छते, मग कमानी टेकवून ठेवून खांबांचे माथे आणि शेवटी दांडे. खांब आधी ओढला तर छत कोसळून लाकूडही मोडते आणि संगमरवरही. तीन मीटर उंच आणि २५ सेंटीमीटर व्यासाचा एक दांडा सुमारे ४०० किलोचा. उंटाचे साधारण ओझे १५० ते २०० किलो. म्हणजे दांडा एका उंटावर जात नाही, त्याला गाडा, घसरपट्टी किंवा जोडीने बांधलेली जनावरे लागतात, आणि मेकनेस चारशे किलोमीटरहून दूर आहे. एवढा खटाटोप लोकांनी केला, कारण खांब तयार होता: मोजलेला, घडवलेला, घासलेला, इटलीत ज्या अवस्थेत जहाजात चढला त्याच अवस्थेत गाड्यावर चढवता येण्याजोगा. सहज बसवता येणारी वस्तू सहज काढताही येते.

आता उलट बाजू. भिंतीवरचे झेलिज काढून उपयोग नव्हता. कोरीव गिलावा तर हात लावताच भुगा होतो. तो नेला कोणीच नाही, छत गेल्यावर पावसाने धुऊन नेला. जमिनीवरचे झेलिज मात्र राडारोड्याखाली दबून वाचले, म्हणून मंडपांच्या फरशीवर आजही रंगीत नक्षीचे भाग दिसतात. राजवाड्याखालचे दक्षिणेचे तळघर-बोगदे, हौदांचे खड्डे, बागांच्या पातळ्या आणि मातीच्या भिंती राहिल्या. यातले काहीच उचलून नेण्यासारखे नव्हते.

शेजारच्या सादी कबरी मात्र इस्माईलने तोडल्या नाहीत. त्यांचे प्रवेश बंद करून मशिदीतून जाणारी एक चिंचोळी वाट ठेवली आणि १९१७ मध्ये त्या पुन्हा खुल्या झाल्या. राजवाडा मोडता येतो, कबरी मोडणे लोकांना सहन झाले नसते, हे कारण सर्वसाधारणपणे दिले जाते आणि ते पटणारे आहे. एकाच सुलतानाच्या दोन वास्तू, एकीचे आवरण गेले आणि दुसरीचे राहिले, हे शेजारी-शेजारी पाहायला मिळणे अभ्यासकाचे भाग्य.

छत गेल्यावर भिंतीचे काय होते

उतरवणीने तीन नुकसाने केली आणि तिन्ही अजून चालू आहेत.

पहिले माथ्यावर. छत असताना भिंतीचा माथा झाकलेला होता. उघडा पडल्यावर पावसाचे पाणी वरच्या थरात मुरते, चुना हळूहळू निघून जातो आणि ओघळांच्या खाचा पडतात. पाऊस कमी असला तरी मराकेशला तो सरींनी येतो आणि मातीला जोराची सर जास्त बाधते. करकोच्यांची जुनी घरटी काही शे किलोंपर्यंत जड होऊ शकतात. त्यांच्या काटक्या माथ्यावर ओल धरून ठेवतात, विष्ठेतले क्षार खाली झिरपतात.

दुसरे पायथ्याशी. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत मीटर-दीड मीटर चढते. पाणी पृष्ठभागावर येऊन उडते, क्षार तिथेच स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटतात. वर्षानुवर्षे हे चालले की तळाशी आडवी खाच तयार होते आणि वरची भिंत कमी जाडीवर उभी राहते. अल-बदीत खोलगट बागा भिंतींपासून दूर आहेत, ही जमेची बाजू. पण संत्र्यांना पाटाने भरपूर पाणी सोडण्याची सवय वाटांच्या भरावाला आणि हौदाच्या भिंतींना बाधते. ठिबक तिथे जास्त शहाणपणाचे.

तिसरे नुकसान सहसा कोणी सांगत नाही. छत हे नुसते झाकण नव्हते. देवदाराच्या तुळयांनी समोरासमोरच्या भिंती एकमेकींना बांधलेल्या होत्या. तुळया काढल्यावर प्रत्येक भिंत एकटी, खाली रोवलेल्या फळीसारखी उभी राहिली. उभ्या वजनाला याने फरक पडत नाही. आडव्या धक्क्याला पडतो. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री उंच अ‍ॅटलासमध्ये ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र मराकेशपासून सत्तरेक किलोमीटरवर. जुन्या शहराच्या तटबंदीचे भाग ढासळले, जमा अल-फना चौकातल्या छोट्या मशिदीचा मिनार पडला. अशा हादऱ्यात मातीची सुटी, उंच भिंत आपल्या पातळ दिशेने झुलते. कोपऱ्याजवळ उभ्या चिरा पडतात आणि साच्याच्या आडव्या सांध्यांवर वरचा भाग सरकतो. १७०७ मध्ये काढलेल्या तुळयांची उणीव अशी तीनशे वर्षांनी जाणवते.

आज काय करावे

विसाव्या शतकाच्या मध्यात उत्खनन होऊन अंगण, हौद आणि मंडपांचे पाये मोकळे झाले. १९८५ पासून मराकेशचे जुने शहर युनेस्कोच्या यादीत आहे. एका बंद दालनात कुतुबिया मशिदीचा ११३७ मध्ये कोर्दोबाला घडवायला सुरुवात झालेला लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचे पायऱ्यांचे आसन, ठेवलेला आहे. लोककला महोत्सवाचे मंचही या अंगणात उभे राहत आले आहेत.

अल-बदी पुन्हा मढवावा, एखादा मंडप तरी उभारून दाखवावा, ही मागणी अधूनमधून होते. आमचे मत स्पष्ट विरोधात आहे. मंडपांची उंची, छताचा आकार, खांबांची नेमकी मांडणी यांचा पुरेसा पुरावा नाही, आणि नवे संगमरवर बसवायला जो पाया आणि चुना लागेल त्याने खाली वाचलेली मूळ फरशी जाईल. आवरण पाहायचे तर कबरी आहेत, १५६४-६५ चा बेन यूसुफ मदरसा आहे. अल-बदीत जे दिसते ते मढवलेल्या राजवाड्यात दिसत नाही: भिंतीची जात, साच्याची उंची, पातळ्यांचा हिशेब. शेजारचा आजचा राजमहाल तर वापरात असल्याने बंदच असतो.

पैसा माथा आणि पायथा यांवर लावावा. माथ्यावर माती-चुन्याचा उतार दिलेला त्यागथर घालावा, जो दर काही वर्षांनी झिजेल आणि पुन्हा घालता येईल. मूळ भिंतीपेक्षा तो किंचित मऊ असावा. सिमेंट कोणत्याही परिस्थितीत नको: ते ओल आत कोंडते, कडक कवच होऊन बसते आणि पाठीमागची माती पावडर होऊन एके दिवशी कवचासकट मोठा तुकडा सुटतो. पायथ्याची खाच भरताना आधी सैल माती आणि क्षार ब्रशने काढावेत, थोडे शिंपडून ओलावा द्यावा, मग त्याच प्रतीच्या माती-चुन्याच्या कच्च्या विटा किंवा हाताने कुटलेले थर आत बसवावेत. नुसता वरून गिलावा थापला तर पहिल्या दोन हिवाळ्यांत तो गळतो. साच्याची भोके पूर्ण बुजवू नयेत. पाणी साचणार नाही एवढा भोकाच्या तळाला बाहेरच्या दिशेने उतार देऊन बाहेरची कडा तशीच ठेवावी.

घरटी विणीच्या हंगामात हलवता येत नाहीत. करकोचे गेल्यावर, शरद ऋतूत, फक्त माथ्याच्या कडेला आलेली, भार एका बाजूला टाकणारी घरटी हलकी करून आतल्या बाजूला सरकवावीत. महोत्सवाचे लोखंडी सांगाडे, प्रकाशाचे खांब आणि ध्वनिक्षेपक भिंतींना टेकवू किंवा बांधू नयेत, आणि मंचाचे पाय फळ्यांवर पसरून ठेवावेत, कारण खाली कुठे भराव आहे आणि कुठे पोकळी, हे वरून कळत नाही.

चिरांसाठी चिरेवर दोन्ही कडा जोडणारा गिलाव्याचा छोटा ठिपका लावून त्यावर तारीख लिहावी. ठिपका फुटला तर चीर चालू आहे. चालू चिरेत भरणी करून उपयोग नसतो. आधी भिंतीला आडवा आधार द्यावा: उंच सुट्या भिंतींना मागच्या बाजूने त्याच मातीचे पुस्ते, म्हणजे टेकूच्या जाड भिंती, किंवा जिथे दोन भिंती जवळ आहेत तिथे माथ्याखाली लाकडी तुळई, भिंतीच्या पूर्ण जाडीतून नेऊन दोन्ही टोकांना रुंद फळीवर टेकवलेली. तुळईसाठी शक्यतो साच्याचीच जुनी भोके वापरावीत, म्हणजे नवे छिद्र पाडावे लागत नाही. तुळईचे टोक मातीत गच्च बसवू नये. भोवती बोटभर फट ठेवून ती मऊ चुन्याने भरावी, नाहीतर ओल धरून टोक कुजते आणि आधार आहे असे वाटत असतानाच तो गेलेला असतो.